बोंडापासून बाजारपेठेपर्यंत : कपाशीच्या जाळ्याचा इतिहास



कामगार संघटनेतला माणूस व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभा राहिला की तो किमान वेतनाविषयी किंवा बोनसविषयी बोलणार, असे श्रोते गृहीत धरतात. त्यात त्यांची चूक नाही. गेली तीस वर्षे मी दुसरे काही फारसे बोललेलो नाही. आज मात्र मी एका अळीविषयी बोलावयास उभा आहे. ती अळी म्हणजे कपाशीची गुलाबी बोंडअळी. तिचा आणि मजुरीचा संबंध काय, असे कोणी विचारील, तर त्याने थोडा धीर धरावा. संबंध आहे, आणि तो मी शेवटी उलगडून दाखवणार आहे.

माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यानंतर मी जालन्यातील एका जिनिंगमध्ये सरकी उचलण्याच्या कामाला लागलो, आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा शास्त्रज्ञाच्या अधिकाराने बोलण्याचा माझा दावा नाही. एक गोष्ट मात्र मजुराला पुस्तकाशिवाय कळते. हिशेब कोणत्या वहीत मांडला म्हणजे कोणती रक्कम दिसेनाशी होते, हे त्याला पोटाने कळते. ह्या एवढ्या शिदोरीवर मी हा विषय हाती घेतला आहे.

पहिली आठवण माझ्या उमेदवारीच्या दिवसांतली, म्हणजे १९८० नंतरच्या दशकातली. एप्रिल महिना होता. हंगाम सरत आला होता आणि गोदामात सरकीचा ढीग छपराला टेकला होता. रात्री दिवा लावला की करड्या रंगाची बारीक पाखरे त्याच्याभोवती जमत. मी विचारले, ही पाखरे येतात कोठून? आमच्या मुकादमांनी ढिगातून एकमेकींना चिकटलेल्या दोन सरक्या उचलल्या आणि नखाने विलग केल्या. आत गुलाबी अळी अंग मुडपून निजली होती. मुकादम म्हणाले, "काही आत्ताच उडतात, काही पावसाची वाट बघत पडून राहतात. शेतातनं इथं येतात आणि इथनं पुन्हा शेतात जातात." मी ते ऐकले आणि पोते पाठीवर घेतले. ह्या एका वाक्यात किती इतिहास भरला आहे, हे कळावयास मला पुढे तीस वर्षे लागली.

ती वेळ २०१७ च्या हिवाळ्यात आली. त्या वर्षी मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशात कपाशीची हिरवीगार झाडे उभी होती, पण बोंडे फोडली की आत कवडी झालेली रुई आणि गुलाबी अळी. दोष कोणाचा, ह्यावर गावोगाव वाद माजला. शेतकरी म्हणे, बियाणे फसले. बियाणे विकणारा म्हणे, शेतकऱ्याने नियम पाळला नाही. अधिकारी म्हणे, पीक फार लांबवले. शेजारचा शेतकरी म्हणे, जिनिंगवाल्यांनी पाखरे सोडली. मी हे सर्व ऐकत होतो आणि माझ्या मनात येत होते की, ह्यांपैकी प्रत्येकजण काही अंशी खरे बोलतो आहे. मग सगळ्यांची मिळून बेरीज खोटी का येते? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी परिस्थितिविज्ञान नावाच्या शास्त्राच्या दारापर्यंत गेलो.

ह्या शास्त्रात जीवांच्या परस्परसंबंधांना जाळे म्हणण्याची रीत आहे. कोण कोणाला खातो, कोण कोणावर जगतो, कोण कोणाचे परागण करतो, हे धागे जोडीत गेले की जाळे तयार होते. डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात त्याचे एक गमतीचे उदाहरण दिले आहे. इंग्लंडातील तांबड्या क्लोव्हर गवताला बी धरते ते भुंग्यासारख्या मोठ्या मधमाश्यांमुळे. ह्या माश्यांची घरटी शेतातले उंदीर उद्ध्वस्त करतात. उंदरांना मांजरे खातात. म्हणजे ज्या गावाजवळ मांजरे अधिक, तेथे हे गवत अधिक. मांजर गवत खात नाही, तरी तिचा हात गवतापर्यंत पोहोचतो.

पुढे चार्ल्स एल्टन ह्या इंग्रज संशोधकाने १९२७ मध्ये प्राण्यांच्या परिस्थितिविज्ञानावर एक छोटे पुस्तक लिहिले आणि अन्नसाखळी व अन्नजाळे ह्या कल्पनांना शास्त्रात पक्के स्थान मिळवून दिले. ह्या एल्टनची एक हकीकत मला फार आवडते. कॅनडात कातडी विकत घेणाऱ्या हडसन बे कंपनीचा तो काही वर्षे सल्लागार होता. कंपनीच्या जुन्या चोपड्यांत दरसाल किती कातडी आली त्याची नोंद होती. त्या नोंदींवरून लिंक्स नावाच्या रानमांजराची संख्या साधारण दहा वर्षांच्या फेऱ्याने वाढते आणि घटते, हे ध्यानात आले. जंगलात उभे राहून जे दिसत नव्हते, ते व्यापाऱ्याच्या वहीत दिसले. त्यानंतर अमेरिकेत रेमंड लिंडमन ह्या तरुणाने मिनेसोटातील एका लहानशा तळ्याचा अभ्यास करून, ह्या जाळ्यातून सूर्याची ऊर्जा पायरीपायरीने कशी वर चढते आणि प्रत्येक पायरीवर किती गळते, ते मांडले. तो निबंध १९४२ मध्ये छापला गेला, आणि छापून येण्यापूर्वीच वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी लिंडमन वारला होता. पुढे १९७२ मध्ये रॉबर्ट मे ह्याने गणिताने दाखवले की, नुसते धागे वाढले म्हणून जाळे बळकट होत नाही. ते कोठे आणि कसे गुंफले आहेत त्यावर सारे अवलंबून असते. सभासदसंख्येवरच संघटनेचे बळ मोजणाऱ्या आम्हा लोकांनी हे गणित भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे.

ह्या सर्वांतून जो मुद्दा मला घ्यावयाचा आहे तो असा. जाळे एकच असले तरी ते निरनिराळ्या पातळ्यांवरून पाहता येते. एक एक जीव ही एक पातळी. एका जातीच्या सर्व जीवांचा समूह ही दुसरी. शेतातल्या सर्व जातींचा मेळ ही तिसरी. शिवार, नदीखोरे, प्रदेश ही त्याहून वरची. एका पातळीवर जे ठळक दिसते ते दुसऱ्या पातळीवर पुसले जाते. ह्यासाठी आमच्या धंद्यातले उदाहरण देतो. एका कारखान्याच्या हजेरीपटावर एका वर्षी चाळीस नावे आहेत आणि दहा वर्षांनीही चाळीसच आहेत. बेरीज पाहणारा म्हणेल की काही बदलले नाही. पण पहिल्या वर्षी चाळीसही कामगार कायम होते, आणि नंतर त्यांतले तीस ठेकेदाराचे आहेत. आकडा तोच राहिला आणि कारखाना आतून पालटला. हे उदाहरण आपण लक्षात ठेवावे. अळीच्या बाबतीत ते पुन्हा लागणार आहे.

आता आपल्या कपाशीकडे वळू. जुन्या काळी मराठवाड्यात गावरानी कापूस होता. हे झाड ह्या मातीतले. त्याचा धागा आखूड, उत्पन्न बेताचे, पण मावा आणि तुडतुडे ह्यांना ते फारसे भीक घालीत नसे आणि पावसाने ओढ दिली तरी तग धरी. १९४७ मध्ये हिंदुस्थानातील कापसाच्या क्षेत्रापैकी सुमारे ९७ टक्के क्षेत्र देशी जातींखाली होते. निजामाच्या अमदानीत १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी रेल्वे आली, जालना हे कापसाचे मोठे पेठेचे गाव झाले, जिन आणि प्रेस उभे राहिले. "जालना सोने का पालना" ही म्हण आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. ते सोने पांढरे होते हे सांगावयास नको.

गुलाबी अळी तेव्हाही होती. शास्त्राच्या दप्तरात तिची पहिली नोंद आपल्याच बाजूची आहे. १८४२ मध्ये भडोचच्या सरकारी कापूस-मळ्यावरील अधिकाऱ्याने ही अळी विलायतेस पाठवली, आणि १८४३ मध्ये सॉन्डर्स ह्याने तिला शास्त्रीय नाव दिले. त्या अधिकाऱ्याची तक्रार मुख्यतः मळ्यात लावलेल्या अमेरिकन कापसाविषयी होती. देशी कापसावर ती अळी कधीमधीच पडते, असे त्याने कळवले होते. पुढे ही अळी सरकीत निजून जहाजाने देशोदेशी गेली. १९०६-०७ च्या सुमारास ती ईजिप्तमध्ये पोहोचली, तेथून १९११ मध्ये मेक्सिकोस आणि १९१७ मध्ये टेक्सासला. तिचे पंख बारीक आहेत. एवढा प्रवास तिने पंखांवर केला नाही, व्यापाराच्या पाठीवर केला. म्हणूनच ईजिप्तच्या सरकारने पुढे जिनमधली सरकी तापवून, आतली अळी मारूनच बाहेर सोडावी असा नियम केला. त्या सरकारने अळीचा धागा शेतात शोधला नाही, जिनच्या दारात शोधला. आमच्या मुकादमांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण दोघांचे निदान एक होते.

स्वातंत्र्यानंतर गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता. १९७० मध्ये सुरतेस डॉ. चंद्रकांत पटेल ह्यांनी एच-४ हा व्यापारी लागवडीचा जगातील पहिला संकरित कापूस दिला, आणि त्यानंतर अमेरिकन वंशाचा संकरित कापूस आपल्या शिवारांत पसरला. उत्पन्न वाढले, धागा सुधारला, ह्याचे श्रेय नाकारता येणार नाही. पण ह्या झाडाला खत जास्त, दिवस जास्त आणि कीडही जास्त. आपले जालना ह्या काळात बियाण्यांचे गाव म्हणून नावारूपाला आले. श्री. बद्रीनारायण बारवाले ह्यांनी १९६४ मध्ये येथे महिको सुरू केली, आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. गावाच्या इतिहासात ही गोष्ट अभिमानाने नोंदवली पाहिजे.

संकरित कापसामागून फवारणी आली. १९८० नंतर सिंथेटिक पायरेथ्रॉइड जातीची औषधे बाजारात उतरली. पहिली दोन-चार वर्षे शेतकरी खूष होता. पण शेत ही कीड आणि पीक ह्या दोघांचीच जागा नाही. तेथे ढालकिडे असतात, क्रायसोपा असते, कोळी असतात, अळीच्या अंड्यांत अंडी घालणाऱ्या टाचणीच्या टोकाएवढ्या गांधीलमाश्या असतात. औषधाने हे बिनपगारी राखणदार आधी मेले. मग पांढरी माशी उसळली आणि हिरवी अमेरिकन बोंडअळी औषधाला दाद देईना. १९८७ मध्ये आंध्रातील गुंटूर व प्रकाशम् भागात तिने कापूस फस्त केला. झाडावरची कीड एवढाच धागा ज्यांनी पाहिला, त्यांच्या हातून बाकीचे धागे तुटले.

ह्या पार्श्वभूमीवर मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला केंद्र सरकारच्या समितीने मंजुरी दिली. मातीतील एका जिवाणूचा जनुक कपाशीत घातलेला, त्यामुळे बोंडअळीने झाडाचा घास घेतला की ती मरे. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. काही वर्षांतच देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटी झाला. शेतकरी भुलला म्हणून हे घडले असे मी म्हणणार नाही. हिरव्या बोंडअळीने कर्जबाजारी केलेल्या माणसाने ते बियाणे समजून-उमजून घेतले. देशाचे रुईचे सरासरी उत्पन्न २००१-०२ मध्ये हेक्टरी ३०८ किलो होते ते २००७-०८ मध्ये ५५४ किलो झाले. त्यात नवे पाणी, नवी औषधे आणि चांगला पाऊस ह्यांचाही वाटा होता. पण जिनिंगमध्ये काम वाढले, आणि हे मी स्वतः पाहिले आहे.

ह्याच काळातील एक घटना आपण विसरून गेलो आहोत. २००५ नंतर पिठ्या ढेकूण नावाची परदेशी कीड गुजरात, पंजाब आणि महाराष्ट्रातील कपाशीवर पडली. फवारण्यांचा धडाका उडाला. मग कोणी न बोलावता एक बारीक गांधीलमाशी प्रकट झाली. ती ह्या ढेकणाच्या पोटात अंडे घाली आणि ढेकूण आतून पोखरून मरे. २००९ मध्ये तिला बांबावाले ह्या आपल्या शास्त्रज्ञांच्या आडनावावरून नाव देण्यात आले. ती अमेरिकेत पूर्वीच नोंदलेली जात आहे, हे पुढे ठरले. कीड ज्या मुलखातून आली तिचा वैरीही तेथूनच मागोमाग आला होता. दोन-तीन वर्षांत पिठ्या ढेकणाचा जोर ओसरला. ह्या माशीचे बिल कोणी दिले नाही, म्हणून तिची जयंतीही कोणी करीत नाही.

आता गुलाबी अळीची गोष्ट. हिरवी बोंडअळी आणि गुलाबी बोंडअळी ह्या दोघींवर एकाच बियाण्याचा मार होता. तरी गुलाबी अळी त्याला पचवून बसली आणि हिरवी तेवढ्या वेगाने बसली नाही, हे का? उत्तर झाडात नाही, जाळ्यात आहे. हिरवी अळी तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो, भेंडी, ज्वारीची कणसे, शेकड्याहून अधिक झाडे खाते. आपल्या बदनापूरच्या संशोधन केंद्राने तुरीचे एकाहून एक वाण दिले. ती तूर कपाशीच्या शेजारी उभी असते, आणि तिच्यावर वाढलेल्या लाखो हिरव्या अळ्यांना बीटीचे विष कधी भेटतच नाही. बीटी पचवणारी एखादी अळी निपजली, तरी तिच्या पाखराची जोडी तुरीवरल्या साध्या पाखराशी जमते आणि तो गुण पातळ होत जातो. गुलाबी अळीला मात्र आपल्या मुलखात कपाशीखेरीज म्हणावे असे दुसरे घर नाही. एकाच धाग्याला लोंबकळणारा जीव. त्या धाग्यावर सर्वत्र विष लावले की जे जगतील ते सर्व विष पचवणारे, आणि त्यांचा विवाहही आपसातच व्हावयाचा.

म्हणूनच नियम होता की बीटीच्या शेताभोवती साध्या कपाशीच्या पाच ओळी, किंवा वीस टक्के क्षेत्र, ह्यांपैकी जे अधिक होईल ते लावावे. पिशवीसोबत १२० ग्रॅमचे साध्या बियाण्याचे पाकीट येई. पण ज्याचे रान तीन एकर आहे, त्याने अर्ध्या एकराहून अधिक रान अळीला का द्यावे? त्याच्या एका शेताच्या हिशेबात ते पाकीट बांधावर फेकणे शहाणपणाचे होते. सगळ्या शिवाराच्या हिशेबात ते आत्मघाताचे होते. हिशेब दोन पातळ्यांचे होते, आणि वरच्या पातळीची वही ठेवावयास गावात कोणी नेमलेले नव्हते.

आणखी खाली, बोंडाच्या आत उतरा. आपल्याकडे बीटी आले ते मुख्यतः संकरित वाणांत. संकरित झाडाच्या बोंडातल्या सरक्या एकसारख्या नसतात. दोन जनुकांच्या वाणाच्या बोंडात सोळा सरक्यांपैकी सरासरी नऊंत दोन्ही जनुके, तिहींत एक, तिहींत दुसरे, आणि एका सरकीत एकही नाही. गुलाबी अळी सरकी खाणारी. ती एकाच बोंडात एका सरकीतून दुसरीत जाते. कोठे विष, कोठे अर्धे विष, कोठे काहीच नाही, अशा मिश्र पंगतीत तिला विषाची सवय लवकर होते, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. म्हणजे शेताच्या पातळीवर जे झाड पूर्ण बीटी, तेच बोंडाच्या पातळीवर अळीची तालीम होते.

२००८ मध्ये गुजरातेत अमरेलीच्या शेतातून गोळा केलेल्या अळ्यांत पहिल्या जनुकाला दाद न देण्याचा गुण सापडला. २०१० मध्ये ते जाहीर झाले. २०१४-१५ च्या सुमारास तेथे दोन जनुकांच्या वाणातही ती जगू लागली. २०१७ मध्ये महाराष्ट्र. ह्या सर्व वर्षांत अन्नजाळ्याचे चित्र काढले असते, तर "कपाशी–गुलाबी अळी" हा धागा दरसाल तसाच दिसला असता. जात तीच, नाव तेच. पण हजेरीपटावरील चाळीस नावांप्रमाणे आतले जीव बदलले होते.

हेच बियाणे, हीच अळी, आणि निकाल उलटा, असे कोठे घडले का? घडले. अमेरिकेत १९९६ पासून ॲरिझोनात बीटी कापूस होता. तेथे साध्या कापसाचा राखीव पट्टा शेतकऱ्यांनी पाळला. पुढे साऱ्या प्रदेशाने एकदम मोहीम घेतली. विमानांतून वांझ केलेली पाखरे सोडली, कामगंधाचा उपयोग केला, शेतकऱ्यांनी स्वतःचा पैसा घातला. आणि २०१८ मध्ये ही अळी तेथील कापसातून निर्मूल झाल्याचे जाहीर झाले. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांनी स्वस्त पडते म्हणून संकराच्या दुसऱ्या पिढीचे बी पेरले. त्यात चौथा हिस्सा झाडे आपोआप साधी निघाली, आणि २०१० नंतर अळीची सहनशक्ती वाढावयाची ती घटू लागली. येथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. साध्या आणि बीटी झाडांची सरमिसळ शेतात झाली, तर ती उपकारक ठरते. तीच सरमिसळ एका बोंडाच्या आत झाली, तर ती घातक. गुण वस्तूत नाही, तो पातळीत आहे.

आता मी माझ्या बाजूची कबुली देतो, कारण तिच्यावाचून हा इतिहास अपुरा राहील. गुलाबी अळीला पोसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे फरदड. डिसेंबरात पीक काढून न टाकता पाणी देऊन ते मार्च-एप्रिलपर्यंत ठेवावयाचे. जायकवाडीच्या कालव्याखाली अंबड-घनसावंगीच्या बाजूला, आणि जेथे विहिरीला पाणी तेथे, ही चाल पडली. अळीला त्यामुळे उपाशी राहण्याचा हंगामच उरला नाही. ही फरदड कोणाला हवी होती? शेतकऱ्याला दोन पैशांसाठी हवी होती. जिनिंगच्या मालकाला हवी होती. आणि मित्रहो, आम्हालाही हवी होती. कापूस वेचणाऱ्या बायांना फेब्रुवारीत वेचणी मिळे, जिनिंगमधल्या बायांना दोन महिने अधिक काम मिळे. हंगाम लांबला की आम्ही संघटनेच्या बैठकीत समाधान मानीत होतो. ज्या दोन महिन्यांची मजुरी आम्ही जमेस धरली, त्याच दोन महिन्यांत पुढच्या वर्षीची अळी वाढत होती. माझी वही चुकीची नव्हती. ती एका पातळीची होती.

२०१७-१८ मध्ये त्याची वसुली झाली. कापूस आला नाही, आला तो कवडीचा. जिनिंग लवकर बंद पडली. डिसेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने शेतकऱ्यांना मदत जाहीर केली. ती योग्यच होती, पुरेशी होती की नाही हा प्रश्न निराळा. पंचनामे झाले ते सात-बाऱ्यावरून. किलोवर मजुरी घेऊन कापूस वेचणारी बाई सात-बाऱ्यावर नसते. जिनच्या यंत्रात कापूस भरणारी बाई, धूळ आणि तंतू छातीत घेऊन खोकणारी, तीही नसते. त्याच वर्षी यवतमाळकडे फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली; त्यांत दुसऱ्याच्या रानात रोजाने फवारणारे मजूर होते. जाळ्यात ही सर्व माणसे आहेत. अळीने त्यांचा घास खाल्ला आहे. पण ज्या वहीत नुकसान मांडले गेले, त्या वहीत त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. त्या वर्षी आमच्या बैठकीत एका वेचणाऱ्या बाईने मला विचारले, "दादा, अळी मालकाच्या बोंडात होती हे खरं, पण उपाशी कोण राहिलं?" मला उत्तर देता आले नाही. आजचे व्याख्यान हेच माझे उशिरा दिलेले उत्तर आहे.

म्हणून माझे सांगणे एवढेच की, ज्या पातळीवर गाठ आहे त्याच पातळीवर ती सोडवावी लागते. सरमिसळीची गाठ बोंडात आहे. ती संशोधकांनी सरळ वाण आणि लवकर येणारे वाण देऊन सोडवावी. फरदडीची गाठ शिवारात आहे. एकट्या शेतकऱ्याने पऱ्हाटी उपटून उपयोग नाही, शेजारची उभी असेल तर पाखरू बांध ओलांडून येणारच. सारे गाव एका आठवड्यात रिकामे झाले पाहिजे, आणि हा निर्णय ग्रामसभेचा आहे. डोमकळी दिसताच ती तोडून नष्ट करण्याचे काम मजुरांना द्यावे आणि त्याची मजुरी गावाने वाटून घ्यावी. सरकीची गाठ जिनिंगमध्ये आहे. तेथे कामगंध सापळे लावावेत, पावसाळ्यापूर्वी सरकी हलवावी, आणि ह्या कामाची जबाबदारी तेथल्या कामगारांकडे द्यावी. दिव्याभोवतीचे पाखरू त्यांनी चाळीस वर्षे पाहिले आहे. आणि हंगाम लहान केल्याने ज्यांची मजुरी बुडेल, त्यांना त्या दोन महिन्यांचे रोजगार हमीचे काम मिळाले पाहिजे. रोजगार हमीची कल्पना ह्याच महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात देशापुढे ठेवली. तिला हे ओझे जड नाही. ह्यांतील कोणतीही एक गोष्ट सुटी केली तर ती वाया जाईल. एकाच्या त्यागावर दुसऱ्याची अळी वाढेल.

अलीकडे आपल्या जिल्ह्यात पुष्कळांनी कपाशी सोडून सोयाबीन धरले आहे. त्यांना मी दोष देत नाही. पण सोयाबीनच्या शेतातही जाळे आहे, आणि तेथेही उद्या एखादी कीड येईल. तेव्हा तरी पंचनाम्याचा कागद पुढे आला की त्यावर कोणकोणते रकाने आहेत, हे आधी पाहावे. शेतमालकाचा असेल, पिकाचा असेल. वेचणाऱ्या बाईचा रकाना नसेल, तर सही करण्यापूर्वी तो आखून घ्यावा. एवढे ह्या सभेतून कोणी घरी नेले, तर मुकादमांनी मला दाखवलेल्या त्या दोन सरक्यांचे ऋण थोडेसे फिटले असे मी समजेन.